फोर-व्हील लागत नाही! जुन्या पिकअपवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

डॅशबोर्डवर दिवा लागलाय, लिव्हर फोर-हायवर (चारही चाकं, नेहमीचा वेग) आहे, आणि चिखलात मागची दोन चाकं गरागरा फिरून स्वतःसाठी खड्डा खणतायत. पुढची दोन मात्र पाहुण्यासारखी बसून. हे ज्यांनी भोगलंय त्यांच्यासाठी हा धागा.

सुरुवात माझ्यापासून करतो. गाडी २२ वर्षांची. चिखलात अडकलो, ट्रॅक्टरने ओढून काढलं, तिथून थेट गॅरेज. मेकॅनिक खाली डोकावला, ट्रान्स्फर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) दोनदा बोट वाजवलं आणि म्हणाला, "हीच गेली." मीही मान डोलावली. दोन माणसांनी मिळून केस उतरवली, बाकावर उघडली. चेन ठणठणीत, फोर्क (फोर-व्हील लावायला आतून सरकणारा काटा) ठणठणीत, तेलसुद्धा स्वच्छ. परत बसवली. फोर-व्हील तरीही नाहीच. शेवटी सापडलं काय, तर पुढच्या ॲक्सलवरच्या ॲक्च्युएटरला (ॲक्सल जोडणारा-सोडणारा भाग) जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी टोकाशी चिरली होती. बोटभर तुकडा कापला, नळी पुन्हा खोचली, गाडी चारही चाकांवर चालू लागली.

तेव्हापासून डॅशबोर्डवरच्या त्या दिव्यावर माझा विश्वास नाही. माझ्या गाडीत त्याचा स्विच ट्रान्स्फर केसवर आहे. केस लागली की दिवा लागतो; पुढे ॲक्सलमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो.

तुम्ही लिहा. नुसतं "अमुक बदललं, झालं" नको. आधी कशावर संशय होता आणि निघालं काय, तेही सांगा.

* * *

माझ्याकडे हाताने फिरवायचे हब आहेत, म्हणजे पुढचं चाक त्याच्या शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या डायली. लाज वाटते, पण लिहितो. वाळूत रुतलो होतो. उतरून दोन्ही हब लॉक केले, फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकला, तरी गाडी हलेना. अर्धा तास फावडं मारलं. वडील शांतपणे उतरले, डावा हब चिमटीत धरून आणखी पाव फेरा दिला. 'कट्ट' असा आवाज आला. गाडी निघाली. घरी पोचेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

उजवा हब नीट लॉक होता, मग निदान एका चाकाने तरी ओढायला हवं होतं ना? मलाही तेव्हा तेच वाटायचं. पण पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) साधं असेल, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर नसेल, तर एक बाजू मोकळी राहिली की सगळा जोर त्या मोकळ्या बाजूलाच निघून जातो. हबच्या आतला शाफ्ट नुसता फिरत राहतो आणि लॉक केलेलं चाक जागच्या जागी. म्हणजे एक हब बिघडला की पुढची दोन्ही चाकं गेली असंच समजा.

पुढे हब उघडला तेव्हा आत बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरलेलं. कुणीतरी प्रेमाने भरलं असणार. त्यात सरकती रिंग रुतून बसली होती, थंडीत तर हलायचीच नाही. सगळं केरोसीनने धुतलं, अगदी पातळ हात ग्रीसचा फिरवला. आता डायल दोन बोटांनी फिरते.

जाता जाता: हे हब बनवणाऱ्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये कंपनी काढली, ती महायुद्धातून उरलेल्या जीप रोजच्या रस्त्यावर चालवण्याजोग्या व्हाव्यात म्हणून. पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरत राहू नये, एवढीच कल्पना.

* * *

आमचे हब ऑटोमॅटिक होते. 'होते' म्हणतेय, कारण काढून टाकले. हे हब फोर-व्हीलमध्ये शाफ्ट फिरला की आपोआप लागतात, आणि टू-व्हीलमध्ये आणून गाडी थोडी उलटी घेतली की सुटतात. कागदावर छान. पण रुतलेली गाडी काढताना आपण काय करतो? पुढे-मागे, पुढे-मागे झुलवतो. आमचे हब झिजलेले होते, दिशा बदलली की ते सुटायचे आणि परत पकडताना कडकडायचे. मी कितीतरी दिवस तो आवाज डिफरन्शियलचा समजत होते. हाताचे हब बसवले, आवाज बंद. चिखलात उतरायच्या आधी खाली उतरून दोन डायल फिरवायला मला काही जड जात नाही.

* * *

बटणवाली गाडी. बटण फिरवलं की दिवा दोनचार वेळा लुकलुकायचा आणि विझायचा. खालून काही आवाज नाही. फ्यूज पाहिला, बरा. रिले बदलून पाहिला, तेच.

मग गाडीखाली शिरलो. ट्रान्स्फर केसवर एक छोटी मोटर असते, ती आतला फोर्क सरकवते. मुलाला बटण फिरवायला सांगितलं आणि मी हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरवर हलकेच टकटक केली. लागलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. टकटक केल्यावर मोटर चालली म्हणजे बहुधा आतले ब्रश झिजलेत, एवढं माहीत होतं. मोटर बदलली.

गंमत म्हणजे तरीही तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लुकलुकला. या वेळी मोटरचा कनेक्टर सोडला तर आत हिरवा बुरा. त्या कनेक्टरमधून मोटरच्या तारांबरोबर पोझिशन सेन्सरच्याही तारा जातात. फोर्क कुठे आहे हे कंट्रोल मॉड्यूलला कळलं नाही तर ते मोटरला करंट देतच नाही. पिना खरवडल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सील नवं टाकलं. पहिल्यांदाच कनेक्टर सोडून पाहिला असता तर मोटर घ्यावी लागली असती का? हा प्रश्न बायको अधूनमधून विचारते.

मल्टिमीटर असेल तर बटण फिरवताना मोटरच्या दोन तारांवर क्षणभर १२ व्होल्टच्या आसपास येतात का बघा. एका दिशेला सरळ, दुसऱ्या दिशेला उलट. व्होल्ट येतायत आणि मोटर हलत नाही, तर मोटर. व्होल्टच येत नाहीत, तर मागे चला: बटण, मॉड्यूल, अर्थिंगची तार. फोर-लोसाठी बऱ्याच गाड्यांना गिअर न्यूट्रलमध्ये आणि गाडी जवळपास उभी लागते. ते न करता "लो लागत नाही" म्हणून गॅरेज गाठणारेही मी पाहिलेत.

* * *

मी हीच कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या तिन्ही-चारही गोष्टींत वेळ कुठे गेला पाहा. बिघाड ट्रान्स्फर केसपर्यंतच आहे की तिच्या पुढे ॲक्सलमध्ये, हे आधी कुणी ठरवलंच नाही. ते ठरवायला दहा मिनिटं लागतात.

सपाट जागा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. पुढचा ॲक्सल उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. इंजिन बंद. टू-व्हीलमध्ये पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (केसपासून पुढच्या ॲक्सलला जाणारा दांडा) हाताने फिरवा, फिरायला हवा. (हब लॉक असतील किंवा ॲक्सल कायम जोडलेला असेल तर सोबत चाकंही फिरतील, चालेल.) आता फोर-हाय टाका. दात समोरासमोर आले नसतील तर शाफ्ट थोडा हलवत लिव्हर टाका. बटणवाल्या गाडीत किल्ली चालू करून. पुन्हा शाफ्ट फिरवा. पार्ट-टाइम (हवं तेव्हाच लावायच्या) फोर-व्हीलमध्ये तो आता मागच्या शाफ्टला बांधला गेला पाहिजे आणि मागची चाकं तर जमिनीवर आहेत. म्हणजे थोडा खुळखुळा सोडला तर तो फिरताच कामा नये.

फिरला, तर दोष केसमध्ये, तिच्या लिव्हरच्या जोडणीत किंवा मोटरमध्ये. नाही फिरला, तर केसने तिचं काम केलंय. तिला हात लावू नका.

मग हब लॉक करा आणि पुढचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. डिफरन्शियल साधं असेल तर असंच होतं. फिरलं नाही, तर एखादा हब, शाफ्ट किंवा ॲक्सल जोडणारी कॉलर सुटलेली आहे. कॉलर व्हॅक्यूमवर चालत असेल तर इंजिन बंद असताना ती लागलेली राहीलच असं नाही. तिथे हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या आणि मग चाक फिरवा.

एक मात्र कृपा करून करू नका. फक्त पुढची चाकं उचलून, फोर-व्हीलमध्ये इंजिनने गाडी गिअरमध्ये फिरवून पाहू नका. मागची चाकं जमिनीवर आहेत, गाडी स्टँडवरून उडी मारते.

* * *

हातपंपाचं वर लिहिलंय, त्याला माझी जोड. ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम देऊन काटा बघत बसा. काटा हळूहळू उतरला तर आतला पडदा फाटलाय. काटा थांबला तर ॲक्च्युएटर बरा, नळ्या तपासा. पेट्रोल इंजिन धडधाकट असेल तर आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे, पंपाच्या काट्यावर दिसतात ते) व्हॅक्यूम मिळतो, आणि उंचावर गेलं की आकडा उतरतो. डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप असतो, तोच थकलेला असू शकतो.

माझ्या गाडीत नळी सोडली तर आतून लालसर तेल टपकलं. व्हॅक्यूमच्या नळीत तेल कुठून? केसवरच्या व्हॅक्यूम स्विचचं सील गेलं होतं आणि इंजिन केसमधलं तेल नळीतून वर ओढत होतं. तेल पार हीटरच्या झडपांच्या नळ्यांपर्यंत पोचलेलं. तेव्हा उलगडलं की चढावर हवा समोरून यायची बंद होऊन काचेवर का जाते! दोन महिने मी ते दोन वेगळे आजार समजत होतो. स्विच बदलला, नळ्या सोडून सगळं तेल काढलं.

* * *

जुन्या पिकअपमध्ये उष्णतेवर चालणारा ॲक्च्युएटरही असतो. करंट दिला की आतला गॅस तापतो, फुगतो आणि दांडा पुढे ढकलतो. थंडीत फार वेळ लागतो. मी लिव्हर टाकून पाच सेकंदांत "गेलं" म्हणून परत टूमध्ये आणायचो. थांबलो असतो तर लागलं असतं. नंतर मोटरवाला बसवला.

* * *

माझा अनुभव दोन ओळींचा. पायाखालचा नवा जाड मॅट लिव्हरच्या आड येत होता. लिव्हर पूर्ण मागे जात नव्हता. मॅट कापला.

* * *

सगळे ट्रान्स्फर केसला निर्दोष सोडतायत म्हणून लिहितो. माझी खरोखर केसच गेली होती. लक्षण वेगळं होतं: फोर-व्हील लागायचं, सपाटीवर पुढची चाकं ओढायचीही, पण चढावर जोर दिला की खालून 'खाड खाड' आणि दणके. चेन ताणली गेली होती, जोर आला की स्प्रॉकेटवर दात सोडायची. तेल काढलं तर ड्रेन प्लगवर चकचकीत कीस. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले, फोर्कचे झिजलेले पॅडही.

तेल काढायच्या आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. माझा गंजलेला होता. खालचा आधी उघडला असता तर रिकामी केस आणि भरायला वाट नाही, अशी गत झाली असती. आणि तेल कुठलं, ते गाडीच्या पुस्तकात बघूनच भरा. काही केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, काहींत जाड गिअर ऑइल.

* * *

माझी तक्रार उलटी आहे, चालेल ना? लागतं, पण सुटत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून दोन वळणं घेतली (हो, माहीत आहे, नको होतं करायला) आणि लिव्हर जणू वेल्डिंग करून टाकलेला. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. रस्ता घसरू देत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो.

त्यावर मला सांगितलेला उपाय चालला. स्टिअरिंग सरळ, गाडी चारपाच मीटर उलटी, सरळ रेषेत, आणि चालता चालताच लिव्हरवर हलका हात. सटकन सुटला. पण पुढच्या महिन्यात सरळ रस्त्यावरही तसंच व्हायला लागलं. तेव्हा शेजाऱ्यांनी टायर मोजायला लावले. मागे नवे, पुढे घासलेले. सुतळीने घेर मोजला तर चांगला चार सेंटिमीटरचा फरक. आता पुढचेही बदलायचे आहेत. तोवर फोर-व्हीलचा लिव्हर मी फक्त मातीवरच हलवतो.