३०२ च्या गाडीचा पिवळा दिवा (सोसायटीच्या ग्रुपवरून; आकडे फ्लॅटचे)

शनिवार

३०२ काका: नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी १४ वर्षं जुनी, पेट्रोल. चेक इंजिनचा पिवळा दिवा दोन महिने पाठ सोडत नाहीये. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून घेतला. चार दिवस दिवा गेला, पाचव्या दिवशी परत हजर. आता म्हणतात मागचाही सेन्सर बदलू, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग. गाडी चालते ठीक, फक्त सिग्नलला उभी असताना थरथरते.

२०१ दादा: काका, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १५ मिनिटं काढून ठेवा. माझा दिवा तसाच गेला.

५०१ दादा: काका, कृपा करून टर्मिनल काढू नका! दिवा विझेल, पण बिघाडाचा कोड पुसला जाईल आणि फ्रीझ फ्रेमही जाईल. बिघाड पकडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्यात टिपून ठेवतो. आपल्याला नेमकं तेच हवंय.

२०१ दादा: पण माझा गेला तो गेलाच की.

५०१ दादा: एकदाच येऊन गेलेला बिघाड असेल. तो टर्मिनल न काढताही गेला असता. बहुतेक बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून चालवून बंद केली की एक फेरी) दिसले तरच दिवा लागतो, आणि लागोपाठ तीन फेऱ्या सगळं ठीक दिसलं की ईसीयू स्वतःच तो विझवतो. काकांचा पुन्हा पुन्हा लागतोय, म्हणजे कारण अजून गाडीतच आहे.

१०४ ताई: मला पी०४५५ आला होता. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, त्यातून वाफ गळत होती. झाकण बदललं, काही दिवसांत दिवा गेला. काका, तुमचा कोड कोणता?

३०२ काका: कागदावर दोन लिहिलेत. पी०१७१ आणि पी०४२०.

५०१ दादा: हे दोन एकत्र आलेत हे बरं झालं. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम अपुरं वाटतंय. दोन्हींत कुठलाही पार्ट बदला असं लिहिलेलं नाही. पुढच्या सेन्सरने "हवा जास्त आहे" असं सांगितलं आणि त्यालाच काढून टाकलं. नवा सेन्सरही तेच सांगतोय. मला याचं फार वाईट वाटतं काका, कारण असं रोज होतं. आधी पी०१७१ सोडवू. मिश्रण बिघडलेलं असताना कन्व्हर्टरबद्दलचा निकाल मी तरी धरत नाही.

३०२ काका: मग बघायचं काय?

५०१ दादा: फ्युएल ट्रिम. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो आकडा. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (बऱ्याच वेळाचा) मिळून शून्याच्या आसपास, १० टक्क्यांच्या आत असावा. स्कॅनर माझ्याकडे आहे. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावू. इंजिन गरम करून ठेवा, संध्याकाळी खाली येतो.

६०३ काकू: मध्येच विचारते. आमच्या मुलाच्या गाडीचा दिवा काल लुकलुकत होता, आता सरळ लागलाय. चालवली तर चालेल ना?

५०१ दादा: काकू, लुकलुकला असेल तर नको. मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. कोड बघायला सांगा. पी०३०१ असेल तर पहिला सिलिंडर. त्याची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पहिल्यावरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

६०३ काकू: त्याला लगेच फोन करते.

शनिवार, रात्री

३०२ काका: मंडळी, आकडे आले. उभ्या गाडीत लाँग टर्म +२१, शॉर्ट टर्म +४. २५०० आरपीएमला लाँग टर्म +५, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास.

१०४ ताई: म्हणजे काय समजायचं?

५०१ दादा: ताई, काकांच्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे. आत येणारी हवा तो मोजतो. त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर तिथून घुसलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत, इंजिन मुळात थोडी हवा घेतं, म्हणून चोरवाटेची हवा तिथे जास्त जाणवते. आरपीएम वाढले की एकूण हवेत तिचा वाटा कमी होतो आणि आकडा खाली येतो. म्हणून माझा संशय व्हॅक्यूम लीकवर. उलट असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि लोडवर आकडा चढता, तर मी फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर मळलेला एअर फ्लो सेन्सर बघितला असता.

२०१ दादा: माझ्या गाडीत एअर फ्लो नाही, मॅप सेन्सर आहे. हेच लागू?

५०१ दादा: तसंच्या तसं नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला, दाब मोजतो, त्यामुळे घुसलेली हवाही हिशेबात येते. तिथे ट्रिमपेक्षा आयडल आरपीएम चढलेले दिसतात.

३०२ काका: लीक शोधायला स्प्रे मारतात म्हणे?

५०१ दादा: गरम इंजिनवर क्लीनर मारू नका, पेट घेतो. स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर सोडतात, चिरेतून तो बाहेर येतो.

मंगळवार

३०२ काका: सापडलं!! पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा रबरी पाइप. वरून अगदी धड दिसत होता, खालच्या वळणावर बोटभर चीर. धूर तिथूनच आला. पाइप बदलला. थरथर बंद.

५०१ दादा: फार छान काका! कोड पुसले नाहीत ना?

३०२ काका: नाही, तुम्ही सांगितलं होतंत.

शुक्रवार

३०२ काका: आयडलला लाँग टर्म +३. मागच्या सेन्सरचा व्होल्टेज एका वेगात चालवताना ०.७ च्या आसपास स्थिर. दिवा अजून आहे.

५०१ दादा: पुढच्याचा वरखाली होतोय आणि मागच्याचा स्थिर, म्हणजे कन्व्हर्टर त्याचं काम करतोय. ईसीयूला त्याची चाचणी स्वतः पूर्ण करू द्या. त्यासाठी गरम इंजिनावर बराच वेळ एकसारख्या वेगात चालवावी लागते, नुसत्या जवळच्या फेऱ्यांत ती होत नाही.

सोमवार

३०२ काका: आज सकाळी गाडी सुरू केली, दिवा विझलेला!

१०४ ताई: अभिनंदन काका!

५०१ दादा: मनापासून आनंद झाला. कोड मेमरीत अजून काही दिवस दिसेल, इंजिन गार होऊन साधारण ४० वेळा गरम झालं की आपोआप जातो. आणि काका, पहिला सेन्सर टाकून दिलात का?

३०२ काका: डिकीत आहे, जुन्या कापडात गुंडाळून.

५०१ दादा: राहू द्या. तो चांगलाच असणार.