लोकांसमोर प्रार्थना येते, एकट्यात येत नाही. मन देवाकडे कसं लावायचं?

गीतसेवक:
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. बरेच दिवस मनात आहे, आज विचारूनच टाकतो. वय चौतीस, घरात बायको आणि दोन मुलं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गीतसेवा करतो, तरुणांचा बायबल अभ्यासही घेतो. चार लोकांसमोर उभा राहिलो की प्रार्थना भरभरून येते. घरी दार लावून गुडघे टेकले की दोन वाक्यांत संपते आणि हात फोनकडे जातो. बायबल उघडतो ते रविवारच्या तयारीपुरतं. लोकांना काय सांगता येईल हे शोधत वाचतो, स्वतःसाठी वाचणं कधीचं थांबलंय.

बायबलमध्ये दावीद राजाबद्दल लिहिलंय ना, देवाच्या मनासारखा मनुष्य, ते वाचलं की पोटात कालवतं. मला नुसता कामाचा सेवक नाही व्हायचं. देवापाशी बसावंसं वाटायला हवं. हे वाटणं प्रयत्नाने येतं का, की ज्याला मिळालं त्यालाच मिळालं? पुरुषांनी मोकळेपणाने सांगा, आपल्यात हे बोललंच जात नाही.

पहाटेची_घडी:
भाऊ, आधी वेळ ठरवा, वाटण्याची वाट बघू नका. मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला. आदल्या संध्याकाळी दारापाशी सगळं गाव जमलं होतं, तरीही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि राजाशिवाय कुणाकडे काही मागायचं नाही अशा मनाईहुकमावर सही झाली आहे हे कळल्यावरही त्याने खिडक्या लावून घेतल्या नाहीत.

वाचनासाठी मला मक्चेन यांच्या तक्त्याचा उपयोग झाला. स्कॉटलंडमधल्या या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी तो केला होता. रोज साधारण चार अध्याय. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. तयारीचं वाचन वेगळं आणि हे वेगळं, एवढं मात्र सांभाळा. आणि फोन दुसऱ्या खोलीत.

जुना_विश्वासी:
बंधू, तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून बरं वाटलं. कोरडेपणा टोचतोय, म्हणजे तहान मेलेली नाही.

आज बेचाळिसावं स्तोत्र उघडा. ते कोरहाच्या वंशजांचं आहे, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं. चौथ्या वचनात तो आठवतो की पूर्वी मी लोकांच्या मेळ्याला घेऊन आनंदाने गात देवाच्या घराकडे जात असे. आणि आता? आसवं हेच त्याचं रात्रंदिवसाचं अन्न झालंय. गीतसेवकच होता तो, तुमच्यासारखाच पुढे उभा राहणारा. तो काय करतो बघा: स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खिन्न झालास, आणि त्याला सांगतो, देवाची आशा धर. या आणि पुढच्या स्तोत्रात मिळून तीनदा सांगतो. पहिल्यांदा सांगून मन ऐकत नाही म्हणूनच ना?

आता दाविदाविषयी. "देवाच्या मनासारखा" म्हणजे सदैव भक्तीने ओथंबलेला, असा आपण अर्थ लावून घेतो आणि खचतो. १ शमुवेल १५ आणि २ शमुवेल १२ एका बैठकीत वाचा. शौल राजाला शमुवेल संदेष्ट्याने पापात पकडलं, दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने. दोघंही तेच म्हणतात, मी पाप केलं आहे. शौल मात्र लोकांचं नाव पुढे करतो आणि शेवटी मागतो काय, तर माझ्या लोकांच्या वडीलजनांपुढे माझा मान राख. दाविदाला मान राखून घ्यायचा नाही. एका वाक्यात कबूल करतो आणि थांबतो, बथशेबेचा नवरा उरिया याला मारवल्याचं ओझं डोक्यावर असताना. पुढे १ इतिहास ३:५ मध्ये दावीद आणि बथशेबेच्या मुलांची नावं येतात, त्यात एक नाथान आहे. संदेष्ट्यावरूनच हे नाव ठेवलं असं बायबल सांगत नाही. पण ज्या नावाच्या माणसाने तोंडावर "तो मनुष्य तूच आहेस" म्हटलं, ते नाव त्याने घरात रोज हाकेला घेतलं. लूकने दिलेल्या येशूच्या वंशावळीत हाच नाथान आहे. मी हे वाचून दर वेळी थांबतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: देवाला वाहिलेलं मन म्हणजे परत फिरायला वेळ न लावणारं मन. ते आपण बनवत नाही, मागतो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद "मी मन शुद्ध करीन" असं म्हणत नाही. "माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर" असं म्हणतो.

मी आयुष्यभर ट्रक चालवला. पहाटे उठून तासभर बसणं मला कधी जमण्यासारखं नव्हतं, कारण पहाट कुठे उजाडेल हेच ठरलेलं नसायचं. किल्ली लावायची, पण फिरवायची नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि स्तोत्र ८६:११ मोठ्याने म्हणायचं, "तुझ्या नावाचे भय धरण्यास माझे चित्त एकाग्र कर." मग त्या दिवशी माझं चित्त ज्या गोष्टींत वाटलं गेलंय त्यांची नावं घ्यायची. हप्ता. मालकाचा राग. रात्री डोळ्यांनी काय बघावंसं वाटलं ते. हो, तेसुद्धा. बायबलमधल्या ईयोबाने वाईट नजरेने बघणार नाही असा डोळ्यांशी करार केला होता, आपण निदान देवापुढे त्यांचं नाव तरी घ्यावं. मग किल्ली फिरवायची. कित्येक दिवस काहीच वाटायचं नाही, तरी ती नावं देवापुढे गेलेली असायची. हळूहळू चालत्या गाडीतही त्याच्याशी बोलणं व्हायला लागलं, आणि एकटेपणा नकोसा वाटेनासा झाला.

तुमच्या दोन वाक्यांना कमी लेखू नका. मंदिरात छाती बडवणाऱ्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. फक्त ती तुमची खरी वाक्यं असू द्या. लोकांसमोरचे शब्द एकट्यात वापरायला गेलं की ते घशातच अडकतात, कारण तिथे ऐकणाऱ्याला ते कुणासाठी घडवले होते हे ठाऊक असतं.

बेथानीची_बहीण:
पुरुषांना विचारलंय, तरी लिहिते. दादा, तुम्ही प्रार्थनेबद्दल विचारताय आणि घरातल्यांचा उल्लेख एका ओळीत संपवलाय. १ पेत्र ३:७ मध्ये नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. एकांतातली प्रार्थना आणि स्वयंपाकघरातलं बोलणं पेत्राने एकाच वाक्यात बांधलंय.

माझे मिस्टर मंडळीत कधी मोठ्याने प्रार्थना करत नाहीत. एकदा मुलावर ते फार ओरडले. थोड्या वेळाने परत खोलीत गेले, पलंगाच्या कडेला बसले, म्हणाले, "मी ओरडलो ते चुकलं, मला क्षमा कर." मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून एकच ओळ, "प्रभू, मला मऊ कर." मी दारात कपड्यांच्या घड्या घेऊन उभी होते. या माणसाचं मन कुणाकडे लागलंय हे मला त्या दिवशी कुणी सांगायला लागलं नाही. आज रात्री वहिनींना विचारा, तुझ्यासाठी काय मागू? आणि ती सांगेल तेवढंच मागा, त्यात उपदेश घालू नका.

गीतसेवक:
काका, ताई, मनापासून आभार. रात्री हिला विचारलं. ती आधी बघतच राहिली, मग बरंच बोलली. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. प्रार्थना छोटीच झाली.

काका, दोन गोष्टी राहिल्यात. डोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्याही बाबतीत आहे. कुणाला सांगू? मंडळीत मला लोक मानतात, बाहेर गेलं तर? आणि मन असं असताना गीतसेवा थांबवू का?

जुना_विश्वासी:
आधी बायकोसाठी मागितलंत, फार चांगलं केलंत.

सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण कुणालाच न सांगणं तुम्हाला आतून पोखरेल. याकोब ५:१६ सरळ सांगतं की एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. इंग्लंडमधले प्रचारक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले; पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे, भेट आठवड्यातून एकदा. प्रत्येकाला विचारायचं: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणते मोह आले, त्यातून सुटका कशी झाली. इतकं थेट. तुम्हाला गट नको, एक माणूस पुरे. तुमच्या गाण्याने भारावून जाणारा शोधू नका. वयाने थोडा मोठा, ज्याच्या तोंडून दुसऱ्याची गोष्ट तुम्ही कधी ऐकली नाही, असा शोधा. भेटल्यावर प्रस्तावना न करता पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, नाहीतर तासभर मंडळीच्या कारभारावर बोलून दोघं उठाल. बायकोपासूनही हे कायमचं झाकू नका. कसं सांगायचं ते त्या भावाबरोबर प्रार्थना करून ठरवा.

गीतसेवेचं: कोरडेपणामुळे सेवा सोडू नका. कोरहाच्या वंशजांनी त्याच अवस्थेचं गाणं केलं आणि मंडळीला दिलं. डोळ्यांची गोष्ट मात्र सवय होऊन बसली असेल, तर त्या भावाला सांगून झाल्यावर पाळकांशी बोला, आणि ते काही आठवडे मागे बसा म्हणाले तर निमूट बसा. मागच्या बाकावरून गाताना आवाज कुणासाठी काढायचा हा प्रश्नच उरत नाही. या रविवारपर्यंत तयारीचं बायबल बाजूला ठेवून फक्त बेचाळीस आणि त्रेचाळीस ही दोन स्तोत्रं वाचा, मोठ्याने, सावकाश. त्यातलं काही तरुणांना सांगावंसं वाटेल. या वेळी सांगू नका.