झेडस्टँडर्डची फाइल जुन्या लॅपटॉपवर उघडत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, फोटो आणि जुन्या प्रोजेक्टचं फोल्डर टार करून (सगळ्या फाइली एका फाइलीत बांधून) झेडस्टँडर्ड या फाइली लहान करणाऱ्या प्रोग्रामने दाबलं. लेव्हल १९, आणि हौस म्हणून '--लाँग=३१' पण दिलं. फाइल मस्त लहान झाली, म्हणून खूश होतो. आता तीच फाइल २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर उघडायला गेलो, तर डीकोडिंगला मेमरी फार लागतेय म्हणून लगेच एरर.

एवढं कळलं की ३१ म्हणजे २ जीबीची विंडो (मागचा जेवढा डेटा मेमरीत धरून ठेवावा लागतो तो भाग), आणि उघडताना न सांगता १२८ एमबीपर्यंतच, म्हणजे २७ पर्यंतच चालतं. उघडतानाही '--लाँग=३१' द्यायचं हे मान्य, पण रॅमच तेवढी आहे! स्वॅप (रॅमसारखी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवून निभावेल का, की मशीन गोठून बसेल?

दुसरा विचार असा: १६ जीबीच्या मशीनवर '-डीसी' ने उघडून पाइपने (एका कमांडचं आउटपुट सरळ दुसरीला देऊन) थेट परत '--लाँग=२७' ने दाबायचं. मध्ये टार डिस्कवर उतरवायला जागा नाही. यात काही गोची आहे का? जुनी फाइल उडवण्याआधी नवी '-टी' ने तपासली की पुरे, की आतल्या टारचा चेकसमही (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघू?

मूळ फोल्डर उरलेलं नाही, दाबून झाल्यावर मूळ फाइल उडवणारं '--आरएम' दिलं नसतं तरी टार शिल्लक असती. म्हणून जरा जपून विचारतोय.