मदत हवी आहे: मंडपेश्वरच्या टेकडीवरचं पडकं चर्च

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा बघत वाढलेलो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा. गोदेला मोठा पूर आला की आमचं लक्ष तिच्याकडेच!

परवा बोरिवलीला मावशीकडे गेलो, तेव्हा मंडपेश्वरला चढलो. खाली शिवाची लेणी, एका भिंतीवर चक्क कोरलेला क्रॉस, आणि वर पोर्तुगीज काळातल्या फ्रान्सिस्कन (एक कॅथलिक संन्यासी पंथ) पाद्र्यांच्या इमारतीच्या बिनछपराच्या भिंती. तेव्हापासून डोक्यात एकच किडा: वसई पडल्यावर इथल्या मूर्ती, घंटा, कागदपत्रं गेली कुठे? (आमची घंटा तिथलीच, असा दावा नाही हं.) गॅझेटियर चाळलंय. पेशवे दप्तरातला उल्लेख किंवा वसईकडच्या ख्रिस्ती घरांतल्या आठवणी कुणाला ठाऊक आहेत का?