टेक्सास हिल कंट्री: जुन्या रँचवर नदीकाठी तंबू, कुठे जावं?

ऑस्टिनची_सून: एप्रिलमध्ये सासू-सासरे नाशिकहून येतायत. सोबत मुलं, वय ६ आणि ९. दोन रात्री नदीकाठी तंबूत राहायचंय, पण रँच खरोखर गुरं पाळणारा हवा. सासऱ्यांची हयात गुराढोरांत गेली, त्यांना इथली गुरं बघायचीत. ऑस्टिनहून दोन तासांच्या आत, बजेट दोन्ही रात्रींचं मिळून १५० डॉलर. एक खासगी रँच हेरलाय, चौथी पिढी चालवतेय, पण वीज नाही.

पेकन_पाव: पेडर्नालेस फॉल्स स्टेट पार्क! आधी तो सर्कल बार रँच होता, १९७१ पासून पार्क. जागेला वीज-पाणी आहे, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. आम्ही दरवर्षी जातो, दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

केटीकर: तंबू कशाला? आम्ही ग्लॅम्पिंग केलं, रात्रीचे ३२० डॉलर. एसी, गादी, बाथरूम. सासू-सासऱ्यांना जमिनीवर झोपवणार का?

ऑस्टिनची_सून: बजेट १५० आहे हो, तेही दोन रात्रींचं.

केटीकर: थोडं वाढवा, एकदाच तर येतायत.

गोदाकाठ: पैशांचं नंतर बघा. ४ जुलै २०२५ ला पहाटे इथली ग्वाडालूपे नदी हंट गावाजवळ ४५ मिनिटांत सुमारे २६ फूट चढली. त्या पुरांत टेक्सासमध्ये १३० हून जास्त माणसं गेली. इथल्या चुनखडीच्या खडकावर माती पातळ, पाऊस मुरत नाही, सगळा थेट नदीत. जागेवर पोचलात की सायप्रसच्या फांद्या बघा. डोक्याच्या वर काटक्या-कचरा अडकलेला दिसला तर पाणी तिथवर आलेलं असतं. तंबू त्याच्याही वर, आणि गाडीचा रस्ता ओढा ओलांडून जाणारा नको. वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) घ्या, दरीत फोनला रेंज नसते.

मेस्किट_धूर: त्याच खडकात खुंट्या वाकतात. माझ्या महागड्या तंबूच्या सगळ्या वाकल्या, दुकानदाराने बदलून दिल्या नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. आणि चूल पेटवण्याआधी काउंटीचा बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, लागू आहे का बघा.

पेकन_पाव: चूल कशाला? गॅसची शेगडी नि कुकर न्या, पिठलं-भात अर्ध्या तासात.

मेस्किट_धूर: कुकरची शिट्टी रात्री शेजारच्यांना त्रास देते. शेगडीवर थालीपीठ लावा.

पेकन_पाव: आम्ही सात वाजता जेवतो, त्रास कुणाला?

लेकवे_आजोबा: गुरांसाठी स्टोनवॉलचा एलबीजे रँच बघा. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन बी. जॉन्सन (एलबीजे) यांच्या हर्फर्ड गुरांचे वंशज तिथे आजही चरतात. स्वतःच्या गाडीने फिरायचा परवाना फुकट मिळतो. मुक्काम मात्र नाही, म्हणून पेडर्नालेसलाच राहा.

गोदाकाठ: मीही पेडर्नालेसच म्हणेन. तिथली मुक्कामाची जागा नदीपासून वर आहे.

ऑस्टिनची_सून: आभार सगळ्यांचे. पण तीच अडचण आहे. वरून नदीपर्यंतची उतरण सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. खासगी रँचवाल्या बाईंशी फोनवर बोलले. नदीपासून थोड्या अंतरावर चढावर, कुंपणाशी जागा देतायत. जुन्या पुराची रेघ कोठाराच्या भिंतीवर आहे, आमची जागा तिच्याहून बरीच वर, आणि रस्त्यात ओढा नाही. सकाळी गुरांना चारा टाकताना सासऱ्यांना सोबत नेणार म्हणाल्या. दोन रात्रींचे १३० डॉलर, आगाऊ भरले. वेदर रेडिओ मागवलाय. कुकर नेतेय.

केटीकर: वीज नाही ना तिथे?

ऑस्टिनची_सून: नाही.