सल्ला हवा: बोलाचालीवर चालणारा क्लास कसा बांधावा? (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फिफ्थ एडिशन, २०१४ चे नियम)

आर्वीचा_डीएम
राम राम मंडळी. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पाच खेळाडू, सगळे तिसऱ्या लेव्हलला. एकाला 'मध्यस्थ' हा नवा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, खेळायचा आहे: सोयरिकी जुळवणारा, धुऱ्याबांधाचे तंटे मिटवणारा. मंत्र नको, गाणंबजावणं नको, म्हणून बार्ड (गाण्यातून मंत्र टाकणारा क्लास) बाद. मी असं मांडून राहिलो: हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी८, म्हणजे आठ बाजूंचा, सेव्हिंग थ्रो (आलेलं संकट टाळायचा फासा) विस्डम (शहाणपण) आणि करिश्माचे (छाप), पहिल्या लेव्हलला पर्सुएशन (मन वळवणं) व इनसाइटमध्ये (मनातलं ओळखणं) एक्स्पर्टीज, म्हणजे दुप्पट प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनं वाढणारी बेरीज), दुसऱ्यापासून पर्सुएशनला कायम ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). तिसऱ्याला सबक्लास (क्लासच्या शाखा) काय द्यावेत? आणि लढाईत यानं करावं तरी काय?

वणीचा_फासा
हिट डाय, सेव्ह ठीक आहेत. ते कायमचं ॲडव्हान्टेज मात्र आधी काढा भाऊ. गणित बघा. तिसऱ्या लेव्हलला करिश्मा १६ धरला तर +३, एक्स्पर्टीजचे +४, म्हणजे +७. डीसी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात हे मिळवून गाठायचा आकडा, १५ असेल तर ६५ टक्के यश, ॲडव्हान्टेज लावलं की जवळपास ८८. पाचव्या लेव्हलला करिश्मा १८ झाला की +१०: साधं ८० टक्के, ॲडव्हान्टेजनं ९६. मग फासा टाकायचाच काऊन?

पुढं काय होतं तेही सांगतो. डीएम वैतागून डीसी २० वर नेतो. ज्याच्याकडं +० आहे त्याला डीसी १५ ला ३० टक्के तरी आशा होती, २० ला ती पाचवर येते. बाकीचे चौघं तोंड उघडणं बंद करतात. एकासाठी केलेला क्लास टेबलावरचं बोलणंच मारून टाकतो.

याच खेळाच्या जुन्या थ्री पॉइंट फाइव्ह एडिशनमध्ये डिप्लोमसी या बोलण्याच्या कौशल्याचं हेच झालं होतं. वैऱ्याला मित्र करायचा डीसी ३५, समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंधच नाही. बेरीज तेवढी जमवली की फाटकावरचा शिपाई अन् राजा सारखेच गळाला लागायचे.

पऱ्हाटी
वणीच्या भाऊंशी सहमत. यशाची टक्केवारी वाढवू नका, माहिती आणि उपकार हाती द्या. डीएमच्या पुस्तकात एनपीसीच्या (डीएमनं चालवलेल्या पात्रांच्या) तीन वृत्ती आहेत: मित्र, तटस्थ, वैरी. तटस्थ माणसाकडून डीसी १० ला बिनजोखमीचं काम होतं, २० ला थोड्या जोखमीचं. वैरी २० लासुद्धा फक्त बिनजोखमीचंच करतो. म्हणजे खरी कमाई आहे ती वृत्ती एक पायरी वर सरकवण्यात. क्लास तिथं बसवा.

पहिली लेव्हल, 'अंदाज': दहा मिनिटं बोलणं झालं की खेळाडूनं तीनपैकी एक प्रश्न विचारायचा. याला काय हवंय? हा कशाला भितो? हा कोणाचं ऐकतो? फासा नाही, आणि डीएमनं खरंच उत्तर द्यायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण त्यातून पुढचा माणूस सापडतो.

दुसरी लेव्हल, 'भीड': खेळाडूंच्या टोळीनं कोणाचं काम केलं की एक चिठ्ठी करायची. त्यावर नाव, काम, आणि लहान की मोठी. लहान भीड खर्चली की त्या माणसाची वृत्ती त्या प्रसंगापुरती एक पायरी वर. मोठी खर्चली की तो जोखीम घेतो, पण एकदाच. जवळ ठेवायच्या चिठ्ठ्या प्रोफिशियन्सी बोनसइतक्याच, म्हणजे चौथ्या लेव्हलपर्यंत दोन, पाचव्याला तीन. लाँग रेस्टनं (रात्रभराच्या झोपेनं) भीड परत देऊ नका हो. दिली की तो मंत्राचा स्लॉट (झोपेनं आपोआप भरणारा मंत्राचा साठा) झाला आणि गावाशी संबंध तुटला. कोणाचं तरी काम केल्याशिवाय नवी चिठ्ठी नाही, हा नियम पाळला तर खेळाडू आपणहून बाजारात, पारावर, घाटावर जाऊन माणसं शोधतो.

आर्वीचा_डीएम
हे लई भारी आहे ताई. मग सबक्लास?

पऱ्हाटी
दोनच करा, पण पुरते करा.

अडत्या: बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तोच इथं आणा. लुडोचे फासे पुरतात. विकणारा, म्हणजे डीएम, रुमालाखाली एक फासा लावतो: सांगितलेल्या भावात तो किती सोडेल, एका ठिपक्याला पाच टक्के. खेळाडूही आपला फासा लावतो, किती सोडवून मागतो ते. एकदम उघडायचे. खेळाडूचा आकडा कमी किंवा बरोबर असेल तर त्याच्या आकड्यानं सौदा पक्का. एकनं जास्त असेल तर आणखी एकच फेरी, पण विकणाऱ्याचा आकडा एकनं खाली. दोन किंवा जास्तनं चुकला तर सौदा मोडला, त्या दिवशी तो माणूस पुन्हा बसत नाही. अडत्याला फासे लावून झाल्यावर कळतं की समोरचा तीनपर्यंत आहे की तीनच्या वर, आणि तो आपला आकडा एकदा बदलू शकतो. एरवी हा सौदा कोणीही करू शकतो, हे महत्त्वाचं.

पंच: गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. सभेचा प्रसंग तसा बांधा. सभेत तीन-चार एनपीसी, प्रत्येकाचा एक आक्षेप, आणि प्रत्येक आक्षेप वेगळ्या खेळाडूनं सोडवायचा. पहारेकऱ्याची काळजी फायटर दूर करेल, देवळाच्या वादात क्लेरिक (देवाचा पुजारी) बोलेल. एक जरी अडला तरी ठराव नाही. पंचाला दोन गोष्टी: कोणता आक्षेप दाखवायचा अन् कोणता खरा ते ओळखता येतं, आणि एकदा तो सभा उद्यावर ढकलू शकतो. पाच आक्षेप ठेवू नका, रेंगाळतं.

चिमूर_डी२०
लढाईवर कोणी बोललं नाही म्हणून. मध्यम चिलखत, ढाल, साधी हत्यारं द्या. 'दम धरा': बोनस ॲक्शन (आपल्या पाळीतली जादा छोटी कृती), शॉर्ट रेस्टमागे (तासाभराच्या विश्रांतीमागे) एकदा. तीस फुटांतला एक शत्रू, ज्याला भाषा समजते, त्यानं विस्डम सेव्ह करायचा. डीसी ८ + प्रोफिशियन्सी + करिश्मा, म्हणजे सध्या १३. चुकला तर मध्यस्थाच्या पुढच्या टर्नपर्यंत (पाळीपर्यंत) तो हल्ला करत नाही. आपल्यातल्या कोणी त्याला मारलं की लगेच संपतं. जनावर, उठलेली मढी यांच्यावर चालत नाही.

'सोबत्यानं रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) वापरून लगेच वार करावा' असं काही देण्याचा मोह होतो. टोळीत रोग (चोरट्या वाराचा क्लास) असेल तर सांभाळा. स्नीक अटॅक (त्याचा जादा इजेचा वार) दर टर्नला, म्हणजे एकेकाच्या पाळीला, एकदा असतो, दर राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या एका फेरीला, नाही. दुसऱ्याच्या टर्नवर वार मिळाला की तो पुन्हा लागतो: तिसऱ्या लेव्हलला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा, अकराव्याला ६डी६. त्यापेक्षा सोबत्याच्या पुढच्या वारात डी६ मिळवा, तेवढं बस.

आर्वीचा_डीएम
खेळणारा पोरगा स्वतः बोलायला बुजतो. त्याचं कसं?

वणीचा_फासा
त्याला अभिनय करायला लावूच नका. 'मी काय मागतो' आणि 'त्यानं का द्यावं' ही दोन वाक्यं त्यानं साध्या वऱ्हाडीत सांगावी. दुसरं वाक्य 'अंदाज'मधून मिळालेल्या उत्तराला धरून असेल तर तेवढ्या रोलला ॲडव्हान्टेज द्या. तुमचं ॲडव्हान्टेज असं कमावून येऊ द्या.

चिमूर_डी२०
पीडीएफ करून वाटायचा विचार असेल तर एसआरडी ५.१ (या खेळाच्या मूळ नियमांचा मजकूर) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली (कोणालाही वापरू देणारा परवाना) खुला आहे. त्यातला मजकूर मराठीत घेता येतो, श्रेयाची ओळ मात्र टाकावी लागते. त्याआधी दोन प्रसंग खेळवून बघा, एक सौद्याचा, एक सभेचा. मध्यस्थ सोडून बाकी चौघांनी किती वेळा तोंड उघडलं ते कागदावर रेघा मारून मोजा. कोणाची रेघच नसेल तर आक्षेप वाटण्यात गडबड आहे, क्लासला हात लावू नका.