देवाने मला वाचवलं, मग शेजारच्याला का नाही? तुमचे अनुभव लिहा

जीवावरच्या संकटातून वाचलेला माणूस 'देवाची कृपा' म्हणतो, ते मनापासूनच. पण त्याच संकटात दुसरा कुणी गेलेला असतो. त्याच्याकडे देवाचं लक्ष नव्हतं का? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. कुणाची श्रद्धा मोडायची नाही. तुमच्यावर असं बेतलं तेव्हा मनात काय आलं, तेवढंच सांगा.

*

मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. काचेच्या पेट्या शेजारी-शेजारी असतात. एकीतलं बाळ घरी जायला निघालं की त्याची आई वर बघून हात जोडते. पलीकडे दुसरी आई पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून बाळाच्या तळव्याला बोट लावून उभी असते. बाळाने बोट धरलं की ती माझ्याकडे बघते. तिच्यासमोर 'देव आहे ना' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रार्थना मी रोज करते, पण एकाच बाळासाठी कधीच नाही.

*

वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (2.1.34) हाच आक्षेप आहे: जगात एवढी विषमता, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नाही का? शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात म्हणतात, पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर. सुखदुःखही तसंच ज्याच्या-त्याच्या कर्मावर. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे, असं पुढचंच सूत्र सांगतं. युक्तिवादात मला खोट सापडत नाही. पण भाऊ गेल्यावर त्याची मुलगी 'बाबाच का?' म्हणून विचारत होती. तिला 'त्याचं कर्म' असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी नुसता तिच्याजवळ बसून राहिलो.

*

भूकंपात आमची इमारत कोसळली, मी वाचले. 'तुझी पुण्याई' हे ऐकून अंगावर काटा यायचा. पुढे पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या भूकंपाबद्दल वाचलं. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, आणि प्रार्थनेला जमलेल्या कितीतरी लोकांवर चर्चच कोसळली. तेव्हापासून पुण्याईचा हिशेब मी मांडत नाही.

*

मुलगा गेला तेव्हा मी देवाशी कडाकडा भांडले. भांडायला तो होता, म्हणून तग धरला. काही दोष नसताना मुलंबाळं, सगळंच गमावलेला बायबलमधला ईयोबही भांडतो. शेवटी देव बोलतो, पण 'का' ते सांगतच नाही. आणि रागावतो कुणावर? देवाची बाजू घेऊन ईयोबालाच दोषी ठरवणाऱ्या मित्रांवर. भेटायला आलेलं कुणी 'त्याची इच्छा' म्हणालं, की मी सरळ उठून आत जायचे. आजही जाते.